सर्व्हर मुंबईत, आपण तिगावात

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात, तिगावात बसून सर्व्हर सांभाळतो असं सांगितलं की लोक घरात डोकावून पाहतात. आत कुठं तरी लुकलुकत्या दिव्यांची कपाटं असतील असं त्यांना वाटतं. कपाटं मुंबईला आहेत. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप, एक इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. पांढुर्ण्याचे काही संत्रा व्यापारी, सौंसरची एक शाळा, एक मंगल कार्यालय, नागपूरचं एक साप्ताहिक अशा मंडळींच्या वेबसाइट आणि बिलिंग मी लिनक्सवर चालवतो. त्यातून जे पदरात पडलं ते इथं मांडतो. क्रमाला अर्थ नाही, सुचलं तसं लिहीत गेलो.

१. काळा पडदा ही गावातल्या माणसाची सोय आहे.

सर्व्हरवरच्या लिनक्सला खिडक्या, आयकॉन, माऊस यातलं काही नसतं. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं, एवढंच. शहरातल्या पोरांना हे मागासलेलं वाटतं. मला मात्र याच कारणामुळे गावात राहून हा धंदा करता येतो. एसएसएचने सर्व्हरवर शिरलं की तारेवरून फक्त मी दाबलेली अक्षरं जातात आणि उत्तराची अक्षरं परत येतात. दूरच्या मशीनचा अख्खा रंगीत पडदा इथं रंगवायचा असता तर पावसाळ्यात मी हात जोडून बसलो असतो. घाटाकडे ढग उतरले की मोबाइलवरचं ‘४जी’ जाऊन नुसतं ‘ई’ उरतं. त्या ‘ई’वरसुद्धा डेटाबेस पुन्हा सुरू करता येतो.

यासाठी दोन गोष्टी मी कुठल्याही नव्या सर्व्हरवर सगळ्यात आधी टाकतो, टीमक्स आणि मॉश. टीमक्समध्ये सुरू केलेलं काम माझी लाइन तुटली तरी मुंबईत चालूच राहतं. मोठं अपडेट अर्ध्यावर असताना गावची लाइट गेली, टॉवरही गेला, तरी घाबरायचं कारण नाही. तासाभराने परत शिरून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की पडदा जिथं होता त्याच्या पुढं गेलेला दिसतो. मॉश २०१२ मध्ये एमआयटीतून आलं. आपण टाइप केलेलं अक्षर ते सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आपल्या पडद्यावर दाखवतं. एका सिमवरून दुसऱ्या सिमवर उडी मारली तरी त्याचं बोलणं तुटत नाही. फक्त फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० हे पोर्ट मोकळे ठेवावे लागतात. ते न करता ‘मॉश चालत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

२. सर्व्हर घरी ठेवू नये.

हौस म्हणून ठेवा, शिकायला ठेवा. गिऱ्हाइकाचा ठेवू नका. आणि भाड्याने घेताना शक्यतो मुंबई किंवा बंगळूरचा घ्या. अमेरिकेतला थोडा स्वस्त पडतो, पण तिथं जाऊन यायला सिग्नलला साधारण पाव सेकंद लागतो. एकदा पान उघडण्यापुरतं ते चालून जातं. दिवसभर त्या अंतरावरून टाइप करून पाहा, मग कळेल.

३. ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना आधी कॅलेंडर बघावं.

कुठलं लिनक्स चांगलं, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: याला सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि ती तारीख कोणाच्या हातात आहे?

हा प्रश्न आम्हा सगळ्यांना सेंटओएसने शिकवला. रेड हॅटचं विकतचं लिनक्स घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांनी त्याच सोर्स कोडवरून बनवलेलं सेंटओएस फुकट वापरायचं, अशी होस्टिंगच्या धंद्यात वर्षानुवर्षांची रीत होती. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील हे सगळ्यांनी धरलंच होतं. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं, की सेंटओएस ८ हे २०२१ संपताच बंद. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ एका घोषणेत गेला. त्याच्याआधीचं सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चाललं. नव्या आवृत्तीवर आधी गेलेला माणूस आधी उघड्यावर पडला, हे त्यातलं विशेष.

पुढं जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. सेंटओएसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्टझर यांनी घोषणा होताच नवं वितरण उभारायचं ठरवलं. आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव रॉकी लिनक्स ठेवलं. रॉकी प्रत्यक्ष वापरायला मिळण्याच्या आधीच, मार्च २०२१ मध्ये, अल्मालिनक्स बाजारात आलं होतं. दोघांनीही सेंटओएस ८ जागच्या जागी बदलून घेणाऱ्या स्क्रिप्ट दिल्या. सोर्स कोड खुला असला की कंपनीने दुकान बंद केलं तरी माल कोणाला तरी पुढं नेता येतो. बंदिस्त सिस्टीमवर अशी घोषणा झाली असती तर पुढचं परवान्याचं बिल भरण्यावाचून इलाज नव्हता.

तरीही सगळे हलले नाहीत. जुलै २०२४ नंतर माझ्याकडे जी नवी गिऱ्हाइकं आली, त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच होती: ‘यम अपडेट’ म्हटलं की मिररचा पत्ताच सापडत नाही. सापडणार कसा? सेंटओएस ७ ची ती यादी बंद होऊन पॅकेजं जुन्या मालाच्या कोठारात गेली होती.

आता मी बहुतेकांना डेबियन नाही तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती देतो. डेबियन १९९३ पासून आहे आणि ते कोणत्याही कंपनीच्या मालकीचं नाही. नेहमीची तीन आणि एलटीएसची दोन अशी पाच वर्षं ते हमखास सांभाळतं. उबुंटूची एलटीएस सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते, तिलाही पाच वर्षं.

४. अपग्रेडमध्ये खरा खर्च पीएचपीचा असतो.

सिस्टीम बदलायला दुपार पुरते. पण उबुंटू २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ आलं, २४.०४ मध्ये ८.३. कोणी तरी कधी तरी लिहून दिलेली आणि नंतर फोन न उचलणाऱ्या माणसाची वेबसाइट ७.४ वर निमूट चालत असते, ८ वर आली की पांढरं पान दाखवते. म्हणून मी चालू सर्व्हरवर अपग्रेड करतच नाही. शेजारी नवा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, साइट तिकडं नेऊन रांगेला लावायची, मग डीएनएस वळवायचं. त्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल कमी करून ठेवायचा. महिना-दोन महिने दोन भाडी पडतात. ती गिऱ्हाइकाला आधीच सांगावीत.

५. जुना आकडा दिसला म्हणून दचकू नये.

शाळेला कोणी तरी ‘सिक्युरिटी रिपोर्ट’ दिला होता. त्यात लाल अक्षरात लिहिलं होतं की वेब सर्व्हरची आवृत्ती जुनी आहे. मुख्याध्यापक सरांचा फोन आला, “अहो, हे काय? आपण हॅक होणार का?” डेबियनच्या स्थिर आवृत्तीत आणि उबुंटूच्या एलटीएसमध्ये सॉफ्टवेअरचा मुख्य आकडा पाच वर्षं तोच राहतो. भोक सापडलं की फक्त ते बुजवणारा तुकडा त्या जुन्या आवृत्तीत बसवला जातो. तपासणारं यंत्र नुसता आकडा वाचतं. पॅकेजचा चेंजलॉग उघडून त्यात त्या भोकाचा सीव्हीई नंबर शोधला, सरांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, विषय मिटला.

उलट बाजूचं उदाहरण मार्च २०२४ चं आहे. एक्सझेड नावाचं फाइल दाबणारं साधं साधन. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, दोन वर्षांहून जास्त काळ मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या कोणी तरी मागचा दरवाजा बसवला होता. थेट एसएसएचच्या मार्गातला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे अभियंता आपल्या मशीनवर वेग मोजत होते. एसएसएचचं लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय, हे त्यांच्या नजरेस आलं. ते मागं लागले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला सांगितलं. डेबियनमध्ये त्या आवृत्त्या तोवर कच्च्या, चाचणीच्या शाखांतच पोहोचल्या होत्या. स्थिर डेबियनवाले आम्ही त्या शुक्रवारी नुसते बातम्या वाचत बसलो. सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं, हा नियम मोबाइलच्या दुकानात ठेवावा.

या प्रकरणात मनाला लागलं ते वेगळंच. जगभरच्या सर्व्हरमध्ये बसलेलं ते साधन मुख्यत्वे फिनलंडमधला एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. म्हणूनच ‘मदत करतो’ म्हणणारा आत शिरू शकला.

६. आडवाटेचं घेऊ नये, जवळचा माणूस ओळखतो ते घ्यावं.

फ्रीबीएसडी उत्तम आहे. नेटफ्लिक्सचा व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्यावर चालतात, व्हॉट्सअॅपही सुरुवातीला त्यावरच वाढलं. झेडएफएस आणि जेल या तर हेवा वाटाव्या अशा सोयी. पण मी आजारी पडलो तर नागपुरातला कोणता पोरगा ते सांभाळेल? “आपलं भारताचं लिनक्स आहे ना, ते का नाही घेत?” हेही विचारतात. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेलं बॉस हे सरकारी कार्यालयांतल्या टेबलांसाठी चांगलं काम आहे. पण त्याचा पाया डेबियनचाच. सर्व्हरसाठी मग सरळ डेबियनच घेतो.

७. सार्वजनिक पत्ता मिळाल्यापासून चहा होईपर्यंत दारावर लोक असतात.

नवा सर्व्हर सुरू करून ऑथ लॉग उघडा. रूट, अॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, अशा नावांनी कुठकुठले बॉट पासवर्ड मारत असतात. यात वैर काही नाही, ते सगळ्याच दारांना हलवून पाहतात. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त चावीने. रूटला बाहेरून प्रवेश नाही. लागतील तेवढेच पोर्ट उघडे. अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू. कर्नल बदललं की रीबूट लागतं, ते पहाटे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. त्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते. आमच्या भागातला कोणीही फोन उचलत नाही.

८. देवनागरीची परीक्षा सर्व्हरवर घ्यावी, लॅपटॉपवर नाही.

याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, कारण इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शनात हे सापडत नाही.

व्यापाऱ्याचं बिल लॅपटॉपवर झकास दिसतं. सर्व्हरवर चढवलं की पीडीएफमध्ये नावाच्या जागी रिकामे चौकोन. कारण उघड आहे, पडदाच नसलेल्या सर्व्हरवर देवनागरी फाँट कोण कशाला टाकेल? लोहित देवनागरीचं पॅकेज टाकलं की चौकोन जातात. आणि मग दुसरी गंमत सुरू होते. बिलावर ‘पांढुर्णा’ असं यायचं, येतं ‘र’चा पाय मोडलेलं, पुढं ‘णा’ वेगळा उभा. रफार वर चढलेलाच नसतो. ‘संत्रा’मधला ‘त्र’ही तुटतो. फाँट बरोबर असतो, पण पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच पीएचपी लायब्ररी अक्षरं एकापुढे एक ठेवतात, जोडाक्षर घडवतच नाहीत. ते घडवण्याचं काम हार्फबझसारखं इंजिन करतं. म्हणून बिल एचटीएमएलमध्ये बनवून बिनपडद्याच्या क्रोमियमने किंवा पँगोवर चालणाऱ्या साधनाने त्याची पीडीएफ काढतो. हे सगळं खुलं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. तपासणीसाठी आमच्या जिल्ह्याचं नाव फार सोयीचं: अनुस्वार, उकार, रफार, तिन्ही एका शब्दात. त्याच्या जोडीला ‘मृग बहार’ टाकला की पुष्कळ झालं.

डेटाबेसला यूटीएफ-८ ची चार बाइटवाली आवृत्तीच द्यावी. मराठी तीन बाइटमध्ये मावतं, म्हणून जुनं तीनवालंही चालल्यासारखं वाटतं. मग मंगल कार्यालयाच्या फॉर्ममध्ये कोणी तरी नवरीच्या नावापुढं इमोजी टाकतं आणि नोंदच अडते.

जुना मजकूर हा आमच्याकडचा आणखी एक ताप. सरकार मध्य प्रदेशचं, बोली विदर्भाची, म्हणून शाळेकडून हिंदी फाइल येते ती कृतिदेवमध्ये आणि नागपूरच्या साप्ताहिकाकडून येते ती श्रीलिपीत. दोन्ही आतून इंग्रजी अक्षरांचा गाळ. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय सर्व्हरवर ठेवायचं नाही, हे मी पहिल्या भेटीतच सांगतो. आणि २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ज्यांनी जिल्ह्यांची यादी कोडमध्ये कोंबून ठेवली होती ते पानोपान शोधत बसले. यादी टेबलात असती तर एका ओळीचं काम होतं.

९. “साइट बसली का जी?”

असा फोन आला की चार गोष्टी बघायच्या, याच क्रमाने. आधी जागा. डीएफमध्ये डिस्क भरलेली दिसते का. दिसली नाही तर आयनोड पाहावेत. जागा असूनही आयनोड संपतात, कारण पीएचपीच्या सेशनच्या बारीक बारीक लाखो फाइल साठलेल्या असतात. मग मेमरी. एक जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर कर्नल मेमरी कमी पडली की सगळ्यात जाडा प्रोसेस मारतं आणि जाडा तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल असतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ लिहिलेलं सापडतं. स्वॅप द्यावी, मायएसक्यूएलचा बफर आणि पीएचपीच्या कामगारांची संख्या मेमरी पाहून बांधावी. ‘फ्री’च्या रकान्यात आकडा बारीक दिसतो म्हणून लगेच मोठा सर्व्हर विकत घेऊ नये. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरून घेतं आणि गरज पडली की परत देतं. ‘अव्हेलेबल’चा रकाना बघावा. तिसरं प्रमाणपत्र, चौथं डोमेनचं नूतनीकरण. एवढ्यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

१०. प्रमाणपत्राची आठवण आता कोणी देत नाही.

लेट्स एनक्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं नव्वद दिवस चालतात. सर्टबॉट ती आपोआप बदलतो. बदलणं अडलं तर पूर्वी त्यांची मेल यायची, ती जून २०२५ पासून बंद झाली. आपली राखण आपणच लावावी.

११. लॉग आणि घड्याळ यांच्याकडे कायदाही बघतो.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपायचे, घुसखोरी झाली तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची. डेबियनमध्ये एनजिनएक्सचे लॉग मुळात चौदा दिवसांनी पुसले जातात. तो आकडा आपण बदलल्याशिवाय बदलत नाही. घड्याळाचं आणखी एक: नवा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. मध्यरात्री म्हणून लावलेलं क्रॉन आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुटतं. आंबिया बहाराच्या दिवसांत व्यापारी तेव्हा उठून भाव बघत असतो आणि साइट बॅकअपच्या ओझ्याने रांगत असते.

१२. बॅकअप उलगडून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणत नाही.

आरसिंक हे १९९६ चं साधन आहे. फाइलमधला बदललेला तेवढाच भाग ते पाठवतं, म्हणून आमच्या लाइनवरूनही रोज एक प्रत तिगावात उतरते. दुसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. दर तिमाहीला एका गिऱ्हाइकाची प्रत कोऱ्या मशीनवर उभी करून बघतो. एकदा सगळ्या फाइल आल्या, पण डेटाबेसच्या डंपची शेवटची ओळ अर्धीच होती. रात्री डिस्क भरली होती आणि स्क्रिप्टने हू की चू केलं नव्हतं. तेव्हापासून स्क्रिप्ट डंपच्या शेवटी ‘पूर्ण झालं’ ही ओळ आहे का ते तपासते.

१३. फुकट कशाला म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी सांगावं.

“लिनक्स तं फुकट हाये म्हन्ते, मंग तू पैसे कायचे घेतं भाऊ?” हा प्रश्न मला एका व्यापाऱ्याने संत्र्याच्या पेट्यांवर बसून विचारला. रास्त प्रश्न आहे. मी त्याला बिल फोडून दाखवलं: सिस्टीमचा परवाना शून्य, सर्व्हरचं भाडं इतकं, ते थेट त्याच्या कार्डावरून कंपनीला जातं, डोमेनही त्याच्याच नावावर. माझे पैसे सांभाळण्याचे, वर्षाचे. भाडं आणि डोमेन मी कधीच माझ्या नावावर ठेवत नाही. उद्या त्याचं माझं फाटलं तर त्याने पासवर्ड बदलावा आणि दुसरा माणूस आणावा. डेबियन जाणणारा माणूस नागपुरात मिळतो. सोबत दोन पानांचं टिपण मी मराठीत छापून देतो: कुठं काय आहे, बॅकअप कुठं जातो, सिस्टीमची मुदत कधी संपते.

त्या शेवटच्या रकान्यात सध्या सौंसरच्या शाळेपुढं ‘२०२७’ लिहिलंय, उबुंटू २२.०४ ची मुदत. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत हलवाहलव नको म्हणून सरांनी आधीची दिवाळीची सुट्टी धरली आहे. दोन महिन्यांच्या दुहेरी भाड्याची मंजुरी त्यांनी संस्थेकडून लेखी घेऊन ठेवली आहे.